कारभारी आणि कारभारीण : टिळकांनी मिशन सोडले ते प्रकरण

कारभारीपणाचा रविवार आला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाकांवर दानाची पाकिटे मांडली जातात. पाळकसाहेब बायबलातल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दाखला वाचतात. धनी परदेशी निघतो, जाताना तीन दासांच्या हाती पैसा सोपवतो, दोघे तो दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. दाखल्यावरून गाडी दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर, येते, पाकिटे गोळा होतात, अंगणात चहा होतो आणि कारभारीपण पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जाते. एकदा अभ्यासवर्गात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी विचारले, "पाकिटात घालायला माझ्याकडे फार नाही. पण गळा बरा आहे. त्याचा हिशेब कुणी मागणार की नाही?" वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

त्यांच्या प्रश्नासाठी हे प्रकरण मी वर्गापुढे ठेवले. एका बैठकीत संपेल असा अंदाज होता, तीन बैठका लागल्या आणि तिन्ही वेळा वाद झाला. ते सगळे आता सलग लिहून काढतो आहे.

प्रकरणातला माणूस ओळखीचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ज्यांना ते फुलामुलांचे कवी म्हणून भेटले, त्यांना शिकाऱ्याच्या घावाने घायाळ होऊनही पिल्लांसाठी चारा घेऊन घरट्याकडे धडपडणारी ती पक्षीण आठवेल. १९१७ साली हे टिळक पंचावन्न वर्षांचे होते. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांची बावीसएक वर्षे गेली होती. अहमदनगरला घर होते, मान होता, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन होते. त्या साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, आपण संन्यासी झालो असे जाहीर केले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पुढे दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात ते वारले.

वर्गापुढे मी ठेवलेला प्रश्न एवढाच होता : हा चांगला कारभार झाला की वाईट?

उत्तराकडे जाण्याआधी शब्दांचे थोडे. दाखल्यात जे नाणे आहे त्याचे मूळ नाव तालांत. ते वजनाचे माप होते, आणि एका तालांताची किंमत मजुराच्या साधारण वीस वर्षांच्या मजुरीएवढी धरतात. म्हणजे ज्या तिसऱ्या दासाला 'फक्त एक' मिळाला, त्याच्याही हाती अर्ध्या आयुष्याची कमाई होती. आपण आज कुणाच्या अंगच्या गुणाला 'टॅलेंट' म्हणतो, तो इंग्रजी शब्दही याच दाखल्यातून निघाला. पैशाचे माप गुणाचे नाव होऊन बसले, हे आमच्या पाकीटवाल्या मंडळींना ऐकवले की ते जरा चपापतात. दुसरा शब्द कारभारी. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की ज्याला जसे कृपादान मिळाले आहे तसे त्याने ते देवाच्या नानाविध कृपेचा चांगला कारभारी म्हणून एकमेकांच्या कारणी लावावे. कारभारी म्हणजे मालक नव्हे. वाड्याच्या चाव्या त्याच्या कमरेला, पण वाडा त्याचा नाही. आणि आपल्याकडे गावोगावच्या बायका नवऱ्याला 'कारभारी' म्हणतात, हे मला या प्रकरणात सारखे आठवत राहिले. टिळकांच्या घरात तसे म्हणत नसतील, ब्राह्मण घर ते. पण या प्रकरणाचा अर्धा भाग त्या घरात आहे, आणि वर्गातल्या पुरुषांना तो अर्धा भाग दिसायला दोन बैठका लागल्या.

हाती काय होते

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा, कोकणातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडिलांशी पटेना, पोरवयातच घर सुटले. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. पुढे पोटासाठी गावोगाव. कुठे मास्तरकी, कुठे पुराण-प्रवचन, कुठे कीर्तन. नागपूरला 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. एका जागी बूड टेकवायचे त्यांना माहीत नव्हते, पण या भटकंतीत जे गोळा झाले ते पाहा : संस्कृत, वृत्तांवर हुकूमत, शीघ्रकवित्व, वक्तृत्व, कीर्तनाचा बाज आणि तुकोबा.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हाती ठेवली. वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे मी वर्गाला एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगितली. त्या काळी बाप्तिस्म्याबरोबर पुष्कळांचे नाव, पोशाख आणि जेवणाची पद्धतही बदलत असे. जुने सगळे टाकून द्यायचे, ते अमंगळ, असा एकूण सूर. टिळकांनी पाचारण, म्हणजे देवाची हाक, नवे घेतले आणि भांडवल जुनेच ठेवले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. मराठी उपासनेत तेव्हा भाषांतरित पदे इंग्रजी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, पण जीभ अडखळे, कारण चालीचा ठेका एकीकडे आणि मराठी अक्षरांचा लघुगुरू दुसरीकडे. टिळकांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, पेटी, तबला आणि टाळांवर म्हणता येतील अशी. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी पाडली होती, टिळक तिच्यावरून चालले आणि ती रुंद केली. आपल्या आज्या निरक्षर असूनही 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातली पदेच्या पदे तोंडपाठ म्हणत, त्याचे हे कारण. गळ्याला सवयीची चाल मिळाली की पुस्तक लागत नाही.

गुणाचा कारभार म्हणजे काय, हे मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. मालक बदलला म्हणून हत्यारे फेकून द्यायची नसतात. टिळकांच्या तीनशे वर्षे आधी गोव्यात जेझुइट फादर स्टीफन्सना हे उमगले होते. इंग्लंडहून आलेल्या त्या माणसाने ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत रचले आणि ते १६१६ साली राचोलला छापले गेले. टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' हाती घेतले तेही ओवीतच. हा ग्रंथ लक्षात ठेवा, पुढे त्याचेच काम आहे.

मिशनने टिळकांना काय दिले, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. १८१३ साली मुंबईत उतरलेले, १८३१ पासून नगरला पाय रोवलेले, १८४२ पासून 'ज्ञानोदय' चालवणारे हे मिशन होते. भटक्या माणसाला त्यांनी ठिकाणा दिला. डॉ. ह्यूम यांच्यासारखा जाणता, मुंबईतच जन्मलेला अमेरिकन पाठीशी होता. नगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत टिळक शिकवत, १९०४ मध्ये त्यांना पाळकदीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी भाग त्यांच्याकडे आला. बाहेरच्या मराठी जगानेही त्यांना दूर लोटले नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगा, म्हणजे आपले बालकवी, नगरला त्यांच्या घरात राहिला. १९१५ साली नाशिकच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद एका ख्रिस्ती पाळकाला मिळाले, ते टिळकांना.

म्हणजे १९१७ मध्ये ते अडलेले, कोपऱ्यात सापडलेले नव्हते. सुखात होते. म्हणून तर हे प्रकरण अभ्यासाला घेण्यासारखे.

साताऱ्याचा रस्ता

मग सोडले का?

आमच्या वर्गात एका निवृत्त शिक्षकांनी फटकन उत्तर दिले, "स्वभाव. बूड टेकवायचे नाही." त्यात तथ्य आहे, नाही असे नाही. पण तेवढेच असते तर बावीस वर्षे ते एका संस्थेत राहिलेच नसते.

मला कारण पगारात दिसते. म्हणजे तो कमी होता म्हणून नव्हे, तो होता म्हणून. महाराष्ट्रात संत पगारी नसतो. शिवाजीराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा ज्या समाजाच्या हाडीमाशी खिळली आहे, त्या समाजापुढे उभे राहून देवाविषयी बोलणाऱ्याच्या मागे परदेशी संस्थेचे हजेरीपत्रक असले, तर ऐकणारा शब्दांपेक्षा हजेरीपत्रकाकडे जास्त पाहतो. टिळकांची वाणी अव्वल होती, पण ती ज्या नळातून येत होती त्यावर अमेरिकेचा शिक्का होता. शिवाय मंडळी मिशनच्या ओसरीवर वाढत होती. आपले पाळक, आपला खर्च, आपली रीत असे काही उभे राहत नव्हते, आणि ते टिळकांना वर्षानुवर्षे टोचत होते.

'देवाचा दरबार' हे त्याला त्यांनी काढलेले उत्तर. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा बंधुसंघ, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. हे दुसरे कलम त्या काळी किती धाडसाचे होते याची आज कल्पना येत नाही. बाप्तिस्म्याच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यालाही दरबारात बैठक मिळणार म्हटल्यावर चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाच्या कपाळावर आठी उमटणारच. दाराबाहेर ताटकळणारी माणसे मात्र टिळकांनी आयुष्यभर पाहिली होती. १८९३ ते १८९५ अशी दोन वर्षे ते स्वतः त्या उंबऱ्यावर होते.

त्यांच्यापुढे आणखी वाटा नव्हत्या का? होत्या. नोकरीत राहून दरबार फावल्या वेळात चालवता आला असता. मिशनकडूनच त्याला पाठिंबा मागता आला असता. दोन-तीन वर्षांत कुणाला तरी तयार करून, घराची सोय लावून मग बाहेर पडता आले असते. आमच्या वर्गातल्या व्यवहारी लोकांनी तिसरी वाट लगेच उचलून धरली. माझे मत विचाराल तर पहिल्या दोन वाटांनी दरबाराचा गाभाच गेला असता, पगारी माणसाने चालवलेला बिनपगारी दरबार म्हणजे सोंग. तिसऱ्या वाटेवर मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. टिळकांजवळही नव्हते, त्यांना पुढचे सुचत असे, मागचे बांधून ठेवायचे सुचत नसे.

वर्गात इथे शास्त्रवचनांची लढाई जुंपली. एकाने करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढला : ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत राहावे. दुसऱ्याने इब्रीचा अकरावा : आपण कोठे जातो हे ठाऊक नसता अब्राहाम निघाला. आणि मग त्या शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्यांच्यामुळे हे सगळे सुरू झाले, त्यांनी तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून आठवे वचन वाचले : जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. "टिळकांनी हे वाचलं नव्हतं का?" त्या म्हणाल्या. सगळे गप्प बसले.

घरातला हिशेब

तेव्हा आता घरात जाऊ.

लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १ जून १८६८. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्या घरात मीठसाखरही धुऊन घ्यायची वेळ येई. अकरा-बारा वर्षांच्या वयात लग्न. शाळा नाही. नवऱ्याला लहर आली की शिकवायला बसवायचा, लहर गेली की पाटी कोपऱ्यात. टिळक शिक्षक म्हणून उतावळे, त्या विद्यार्थिनी म्हणून भांडखोर, पण या धबडग्यात अक्षरे आली. जोडाक्षरांशी मात्र त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही असे सांगतात.

घरात पैसा टिकत नसे. टिळक बाजारात एक आणायला जात आणि दुसरेच घेऊन येत, किंवा काहीच न घेता येत, कारण वाटेत कुणीतरी गरजू भेटलेला असे. नवऱ्याचे हे औदार्य लक्ष्मीबाईंनी पुढे इतक्या हसत लिहिले आहे की वाचणाऱ्याला त्यामागची रिकामी डाळीची बरणी दिसत नाही. मला दिसते. कदाचित माझ्या आईच्या स्वयंपाकघरात ती होती म्हणून.

१८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले ते बायकोला न सांगता. पदरात लहान दत्तू, म्हणजे मुलगा देवदत्त. लक्ष्मीबाई नातलगांकडे पंढरपुरी राहिल्या. नवरा जिवंत आणि तरी संसार उठलेला. जवळजवळ पाच वर्षे अशी गेली. मग त्या नगरला आल्या, पण वेगळे घर, वेगळी चूल, वेगळे पाणी. एकाच गावात नवरा पाळकी शिकवतो आहे आणि बायको सोवळ्यात स्वयंपाक करते आहे. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवले आणि सोवळे टाकले. १९०० मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या पाचारणामागे त्या फरपटत गेल्या असे म्हणणाऱ्याने ही पाच वर्षे मोजावीत. ते पाचारण त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेळेला घेतले.

राहुरीला दुष्काळाने उघडी पडलेली पोरे त्यांच्या घरात वाढली. कुणाचे केस, कुणाच्या जखमा, कुणाची भूक. टिळक मायाळू, पण रात्री उठणारी बाई एक. या कामाला कुणी तालांत म्हणत नाही. पेत्र म्हणतो 'नानाविध कृपा', आणि आपण त्या नानाविधातून भाषण, गायन आणि वर्गणी एवढीच निवडतो.

आता १९१७ कडे या दारातून पाहा. टिळकांनी पगार सोडला म्हणजे तो कुणाचा सोडला? संन्यास घेणारा एक आणि त्याची किंमत मोजणारे घरभर, हे आपल्या देशात नवे नाही. टिळकांनी घर मोडले नाही, लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर साताऱ्यात होत्या. पण महिन्याची खात्री गेली ती गेलीच. त्या बाईंनी काढलेले तीमथ्याचे वचन मला खोडता आले नाही, आणि आजही येत नाही. टिळक कवी म्हणून पहिल्या दासासारखे होते, मिळाले ते दुप्पट करणारे. घराचे कारभारी म्हणून त्यांचे गुण मी काठावरचेच देईन.

दोन वर्षांनंतर

दरबाराचा हिशेब मांडला तर तो तोट्यात दिसतो. मे १९१८ मध्ये बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली गेले, घरात वाढलेला मुलगाच गेला म्हणा. पुढच्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार काळ उभा राहिला नाही. तो त्यांच्या वाणीवर उभा होता आणि वाणी वारसाने जात नाही. मिशनला बजावून सांगितलेली गोष्ट, की मंडळी एका संस्थेच्या खांद्यावर असू नये, ती टिळकांच्या दरबाराला उलटून लागू पडली. दरबार एका माणसाच्या खांद्यावर होता.

तरी वाऱ्यावर काही बी गेलेच. नगर भागात काम करणारे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले आणि त्याच दशकात 'ख्रिस्त सेवा संघ' काढला, ज्याचा आश्रम पुण्यात उभा राहिला. खादी, साधे जेवण, भारतीय उपासना. १९२७ मध्ये त्याच संघात, पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले, व्हेरिअर एल्विन इंग्लंडहून आले. हे सगळे टिळकांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही.

ज्याला पुरावा आहे ते वेगळे.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. नोकरी कधी केलेली नाही, लिहिणे तोडकेमोडके, हाती पैसा नाही. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. मुलगा देवदत्त नोकरीसाठी कराचीला गेला तेव्हा तिकडे. कराचीला! जलालपूरच्या सोवळ्यातली मुलगी सिंधच्या किनाऱ्यावर. पुढे पुन्हा नाशिक. या काळात त्या कीर्तनेही करत. एका विधवेने, तेही ख्रिस्ती विधवेने, कीर्तनाला उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार करा. ज्या बाईला नवऱ्याने लहरीप्रमाणे अक्षरे शिकवली ती आता त्याच्या जागी उभी होती, आणि तिला कुणी तिथे नेमले नव्हते.

देवदत्तला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. कच्चा माल म्हणून. त्या आठवणींचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको : १९३४ पासून चार भागांत 'स्मृतिचित्रे' आले, आणि मराठीतल्या थोर आत्मचरित्रांची नावे घेताना आजही पहिल्या दोन-चारांत ते येते. साहित्याचे शिक्षण नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या बाईचे पुस्तक. टिळकांची कविता आज जेवढे लोक वाचतात, त्याहून जास्त लोक टिळकांना लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून ओळखतात. डबल इंजिनाची गाडी होती आणि आपण इतकी वर्षे पुढच्या इंजिनाचाच फोटो काढत होतो.

पण कारभारीपणाच्या दृष्टीने मला 'स्मृतिचित्रां'पेक्षा 'ख्रिस्तायन' महत्त्वाचे वाटते. टिळकांचे त्यात दहा अध्याय लिहून झाले होते. १९०९ ते १९१९, दहा वर्षे, आणि एवढेच. बाकीच्या हजार कामांत ते मागे पडत गेले. नवे पाचारण घेणाऱ्याची ही खोड असते, नवे दार उघडताना जुन्या चुलीवरचे भांडे तसेच राहते. लक्ष्मीबाईंनी ते भांडे उतरवले नाही, शिजवले. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांचे. संस्कृतप्रचुर टिळकांच्या मागून ओवी घरगुती झाली, जात्यावर बसल्यासारखी. जाणकारांना सांधा दिसतो. दिसू दे.

त्यांना दृष्टांत झाला नव्हता. आगगाडीत कुणी पुस्तक दिले नव्हते. संन्यासाची घोषणा नाही, दरबार नाही. घरात एक अर्धे काम पडले होते आणि ते करणारा गेला होता. आमच्या वर्गात 'पाचारण' शब्द आला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पौलाला दिमिष्काच्या वाटेवर दिसलेला प्रकाश येतो. बहुतेक वेळा ते दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या कामाच्या रूपात येते आणि त्याच्यावर धूळ असते.

तिसऱ्या बैठकीत

तिसऱ्या बैठकीला आमच्या मंडळीत तीस वर्षे पेटी वाजवणारे एक काका आले. एरवी ते अभ्यासवर्गाला येत नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितले असावे की विषय काय आहे. त्यांच्याशेजारी बसून शिकू पाहणारी दोन-तीन पोरे गेल्या काही वर्षांत येऊन गेली, टिकले कुणी नाही, कारण काका पेटी हातची सोडत नाहीत. ते सगळे ऐकून म्हणाले, "म्हणजे मी पेटी सोडावी असं म्हणणं आहे तुमचं?" कुणी तसे म्हटले नव्हते.

दाखल्यातला तिसरा दास धन्याला काय सांगतो ते मी पुन्हा वाचून दाखवले. त्याने चोरी केली नाही, उधळले नाही, एक पैही कमी दिली नाही. "मी भ्यालो," असे तो म्हणतो. टिळकांना मिशन सोडायची भीती वाटली नाही, लक्ष्मीबाईंना जोडाक्षर येत नसताना ग्रंथ हाती घ्यायची वाटली नाही. तीस वर्षे इमानाने पेटी वाजवणाऱ्याला मी पुरणारा दास मुळीच म्हणणार नाही, ते अन्यायाचे होईल. पण गुण निराळा आणि जागा निराळी. काकांपाशी सूर आहे, तो देवाने दिला. पेटीपुढचे स्टूल मंडळीने दिले. स्टूल सोडले तर सूर जाणार नाही. टिळकांनी नगरचे स्टूल सोडले तेव्हा त्यांची कविता नगरला राहिली नाही, त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेली.

"आणि शिकवायचं कुणाला?" काकांनी विचारले. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला शिकवा. गळा आहे, बोटं पण आहेत, सुईची सवय आहे." यावेळीही वर्ग हसला. काका हसले नाहीत. त्यांनी बाईंना मंगळवारी संध्याकाळी यायला सांगितले.

पहिले दोन मंगळवार ते तिच्यावर ओरडले, असे ऐकतो. टिळकही ओरडत.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकात वारल्या. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग छापून झालेला त्यांनी पाहिला नाही. छापील 'ख्रिस्तायन'ही त्यांच्यामागेच आले. ती कामे देवदत्तने केली.